खोलीतला अंधार

आमच्याकडं गोवर होत नसे, निघत असे. ताप येतो, खोकला होतो, हगवण लागते. पण देवी, कांजिण्या आणि गोवर निघतात. जणू आधीपासूनच आत कुठंतरी दबा धरून बसलेल्या असाव्यात. व्याकरणात गोवर पुल्लिंगी खरा, पण घरात आला की त्याची बाई व्हायची. 'बया आली' एवढंच म्हणायचं आणि आवाज खाली घ्यायचा. तिला शिवी द्यायची नाही, ती कधी जाणार हे विचारायचं नाही. दारात आलेल्या पाहुणीला असं कोणी विचारतं का?

चिकलठाणा म्हटलं की आता लोकांना विमानतळ आठवतो, नाहीतर जालना रोडच्या कडेची एमआयडीसी. मी सांगतोय ते १९७३ सालचं. कारखान्यांच्या शेडी तेव्हाही उभ्या राहायला लागल्या होत्या, पण गाव सुखना नदीच्या अंगानं वसलेलं, मातीच्या भिंतींचं, शेतावर जगणारं. आणि ७२ चा पावसाळा कोरडा गेलेला. नदीत वाळू, विहिरीत तळ. माय आणि दादा दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. घरात लाल मिलोच्या भाकरी आणि कामावरून पदरात बांधून आणलेली सुखडी. हिरवा पाला म्हणून काही दिसायचा नाही. मेथी, तांदूळजा, चुका ही नावंच विसरायची वेळ आली होती. दूध तर जनावरं विकली त्या दिवशीच संपलं. दिवसभर आम्हा लेकरांना सांभाळायला मोठी माय, म्हणजे दादांची आई.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाला आधी मला गोवर निघाला. मी आठ वर्षांचा होतो. मग बारा-तेरा दिवसांनी धाकट्या बहिणीला. ती दोन वर्षांची. मी बरा झालो. तिच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं. त्या डोळ्याला आजही उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढं जे लिहायचं आहे ते डोळ्याबद्दल कमी आणि मोठ्या मायबद्दल जास्त आहे. ज्या हातानं आजारी लेकराला सगळ्यात जास्त आराम दिला, त्याच हातानं पाळलेल्या रीतीमुळं त्याचं नुकसान झालं असेल, तर त्या हाताचा हिशेब कसा करायचा? लोक दोन उत्तरं चटकन देतात. एक म्हणतात, अडाणी होती बिचारी. दुसरे म्हणतात, माया होती ना, मग झालं. पहिल्यात तिला जे कळत होतं त्याचा अपमान आहे, आणि दुसऱ्यात माझ्या बहिणीच्या डोळ्याचा.

कळत होतं म्हणजे किती, ते सांगतो. गोवराचे पहिले तीन दिवस नुसत्या पडशासारखे असतात. ताप चढतो, नाक वाहतं, कोरडा खोकला लागतो, डोळे लाल होऊन पाण्यानं भरतात आणि लेकरू उजेडाकडं बघत नाही. भले भले तिथं फसतात. मोठी माय लेकराचं तोंड बघायची आणि म्हणायची, "रडलं न्हाई तरी रडून उठल्यावानी दिसतंय. हे पडसं न्हवं." मग अंगठा कानामागून फिरवायची, तिथून कपाळावर केसांच्या कडेनं. पुस्तकातली गोवराची चित्रं गोऱ्या लेकरांची असतात. त्यात लाल ठिपके ठळक दिसतात. आमच्यासारख्या काळ्या-सावळ्या कातडीवर लाली कसली दिसते? ती हाताला लागते, बारीक खरखर म्हणून. चौथ्या दिवशी कानामागं सुरू झालेलं पुरळ तोंडावर, मानेवर, मग छातीवर-पाठीवर आणि तिसऱ्या दिवसापर्यंत पायाच्या पंजापर्यंत उतरतं. पाण्याचा फोड दिसला तर कांजिण्या, नाहीतर गोवर, हे तिचं गणित. पाच-सहा दिवसांनी ज्या वाटेनं आलं त्याच वाटेनं ते वरून खाली विझत जातं, मागं तपकिरी डाग आणि कोंड्यासारखी कात सोडून. डॉक्टर लोक पुरळाच्या आधी गालाच्या आतून, दाढांसमोर, मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके शोधतात. न्यूयॉर्कच्या कॉप्लिक नावाच्या डॉक्टरनं १८९६ साली ते लिहून ठेवले, म्हणून त्यांना त्याचं नाव आहे. मोठ्या मायच्या अंगठ्याला कोणाचं नाव नाही.

आता तिची रीत. घरातली आतली खोली धान्याची, बिनखिडकीची. धान्य नव्हतंच, तेव्हा ती मोकळीच होती. तिथं बाजेवर जुन्या लुगड्याची मऊ घडी, त्यावर कडुलिंबाचा कोवळा पाला, त्यावर लेकरू. दाराला पडदा. दाराबाहेर कडुलिंबाचा डहाळा खोचलेला, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं. घरात फोडणी द्यायची नाही, तळायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. पाणी उकळून गार केलेलं, आणि ते चमच्यानं, थोडं थोडं, पण सारखं. लेकराची नखं आधीच काढलेली. अंग खाजलं की नखानं नाही, कडुलिंबाच्या डहाळीनं हळूच झाडायचं. ताप फार चढला की ओल्या फडक्यानं कपाळ, मान, तळवे पुसायचे. डोळे चिकटले की भिजवलेल्या कापसानं आतल्या कोपऱ्यातून बाहेर, एकदाच, आणि तो कापूस फेकून द्यायचा.

मी त्या बाजेवर पडलेलो आहे. त्या अंधाराचं सुख मला माहीत आहे. गोवरात डोळ्यात वाळू घातल्यासारखं होतं आणि उजेडाची तिरीप सुईसारखी लागते. तोंड आतून सोललेलं असतं. अशा वेळी फोडणीचा ठसका नाही, भांड्यांचा आवाज नाही, फक्त गार पाल्याचा कडू वास आणि अधूनमधून ओठाला लागणारा चमचा. पुढं कितीतरी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की गोवराला मारणारं औषध आजही नाही. ताप उतरवा, पाणी पाजा, खाऊ घाला, डोळे-तोंड स्वच्छ ठेवा, उजेड मंद ठेवा आणि पुढचं काही बिघडतंय का यावर नजर ठेवा. तापाला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, बस्स. लेकराला अॅस्पिरिन देऊ नका. निम्म्याहून जास्त यादी मोठ्या मायची होती.

राहिलेल्या निम्म्यात मात्र दोन गोष्टी अशा होत्या की त्यांनी घात केला. खायला काही द्यायचं नाही, दिलं तर कण्यांची पातळ पेज; तेल नाही, तूप नाही, हिरवं काही नाही. बयेला चालत नाही. आता दुष्काळात हे सगळं तसंही नव्हतं, तेव्हा रीत पाळायला कष्ट पडले नाहीत. पण गोवर अंगातलं अ जीवनसत्त्व ओरबाडून नेतो, आणि जिथं आधीच ठणठणाट आहे तिथं डोळ्याचा काळा भाग कोरडा पडून पिठासारखा विरघळायला लागतो. दुसरी गोष्ट तो अंधार. धाकटी पाच दिवस डोळे मिटून पडली. मोठी माय म्हणाली, बया डोळ्यात उतरलीय, उघडायला लावू नका. शेजारच्या एका म्हातारीच्या सांगण्यावरून कसल्याशा पाल्याचा रस दोन थेंब सोडला गेला, त्यानं जखमेवर मीठच पडलं असणार. पण सगळ्यात वाईट हे की खोलीत इतका अंधार होता, डोळा पांढरा होत चालला तरी कोणाला दिसला नाही. ज्या अंधारानं तिला आराम दिला, त्यानंच तो डोळा आमच्यापासून लपवला. पडदा दिवसातून एकदा, ओंजळभर उजेडापुरता, बाजूला सारला असता तरी समजलं असतं.

समजलं असतं तर काय झालं असतं, हाही प्रश्न आहेच. इथं मला मोठ्या मायला सोडून दुसऱ्यांकडं वळावं लागतं.

गोवराची लस अमेरिकेत १९६३ साली बाजारात आली. म्हणजे माझी बहीण त्या बाजेवर पडली तेव्हा लस दहा वर्षांची झाली होती. आपल्या देशात ती सरकारी लसीकरणात आली १९८५ साली. गोवराच्या लेकरांना अ जीवनसत्त्व दिलं तर दगावणारी कमी होतात, हे लंडनच्या एलिसन नावाच्या डॉक्टरनं १९३२ सालीच करून दाखवलं होतं. मग सगळे ते विसरले. पन्नास वर्षांनी इंडोनेशियातल्या लेकरांवर काम करताना आल्फ्रेड सॉमर यांना ते जणू पुन्हा नव्यानं सापडलं. आज गोवराच्या प्रत्येक लेकराला ते द्यायचं असतं, आज एक डोस आणि उद्या एक: वर्षावरच्याला दोन लाख युनिट, सहा महिने ते वर्षाच्या आतल्याला एक लाख, त्याहून लहानाला पन्नास हजार. डोळ्याला काही झालेलं दिसलं तर काही आठवड्यांनी तिसराही. किंमत विचाराल तर चहाच्या कपाएवढीसुद्धा नाही. जगातल्या शिकलेल्या माणसांना चाळीस वर्षं आधी माहीत असलेली गोष्ट चिकलठाण्याच्या बिनखिडकीच्या खोलीत पोचली नाही. या हिशेबात अडाणी कोण?

'बया म्हणणारी बाई सुई कशी टोचून घेणार', असं काही शहरी मित्र मला म्हणतात. त्यांना मी देवीची गोष्ट सांगतो. देवी टोचायला माणूस गावात आला की मोठी माय आधी वेशीवरच्या दगडाला पाणी घालून यायची आणि मग आम्हाला दंडाला धरून रांगेत उभी करायची. माझ्या दंडावर त्या खुणा आहेत. तिच्या स्वतःच्या तोंडावर देवीचे वण होते. दोन भाऊ तिनं त्यात घालवले होते. बयेला हात जोडणं आणि बयेच्या वाटेत सुई आडवी घालणं यात तिला काहीच विसंगती वाटली नाही. मान ठेवायचा म्हणून लेकरू द्यायचं, असा काही करार नव्हता. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही, तेव्हा ती म्हणाली, "गेली बया. बरं झालं. लई छळलं." गोवराची सुई घेऊन कोणी आलं असतं तर तिनं वेशीच्या दगडाला आणखी एक तांब्या पाणी घातलं असतं, एवढंच.

तिची एक समजूत मात्र मला बरेच दिवस छळत राहिली. "निघू द्या," ती म्हणायची, "बाहेर निघाला तर लेकरू जगतं. आत राहिला तर जीव घेतो." म्हणून तर औषधानं ताप दाबायचा नाही, सगळं पुरळ फुलू द्यायचं. मी शिकल्यावर याची टवाळी करायचो. पुढं वाचलं की गोवराचं पुरळ हे आपल्याच अंगानं विषाणूशी दिलेल्या झुंजीतून उमटतं, आणि ज्या लेकराच्या अंगात झुंजायची ताकदच उरलेली नाही त्याला पुरळ कधी कधी नीट निघतच नाही. ते छाती भरून जातं. म्हणजे तिनं पाहिलेलं खरं होतं. अशी लेकरं तिनं पाहिली असणार, पुरली असणार. फक्त बैल आणि गाडी उलटी जुंपली होती. पुरळ आत राहतं म्हणून लेकरू मरत नाही. लेकरू खचलेलं असतं म्हणून पुरळ येत नाही. ताप उतरवल्यानं काहीही आत जात नाही. नीट पाहणारा माणूसही कारण चुकू शकतो, आणि त्याच्या पाहण्यावर विश्वास असतो म्हणून तर त्याचं चुकीचं कारण शंभर वर्षं चालतं.

दारातल्या डहाळ्याचंही तसंच. घर वेगळं ठेवायची ती चांगली रीत, पण ती लागायची पुरळ दिसल्यावर. गोवराचं लेकरू पुरळ यायच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत आजार वाटत असतं. ते खोलीतून निघून गेलं तरी तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत विषाणू तरंगत राहू शकतो. अंगात प्रतिकार नसलेल्या लोकांत एक लेकरू बारा ते अठरा जणांना तो देतं. १८४६ साली फेरो बेटांवर पासष्ट वर्षांच्या खंडानंतर गोवर उतरला, तेव्हा पावणेआठ हजारांच्या वस्तीतले सहा हजारांवर लोक आजारी पडले. १७८१ च्या साथीत ज्यांना होऊन गेला होता ते म्हातारे तेवढे शाबूत. पीटर पानुम नावाचा पंचविशीतला डॉक्टर तिथं गावोगाव फिरला आणि कोणाकडून कोणाला, किती दिवसांनी, हे त्यानं मांडून दाखवलं. सुमारे चौदा दिवसांनी पुढच्याला पुरळ, हा त्याचा हिशेब. मी आजारी पडलो आणि बारा-तेरा दिवसांनी धाकटी, याचा अर्थ मला तेव्हा कळला. डहाळा खोचायच्या आधीच, तिला कडेवर घेऊन फिरवताना, ते देऊन झालं होतं. त्याबद्दल आठ वर्षांच्या पोराला कोणी दोष देत नाही, मीही देत नाही. पण मग मोठ्या मायला कोणत्या तोंडानं द्यायचा?

इथं नीट विचार केला की एक फरक दिसतो, आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. जे कळण्यासारखंच नव्हतं त्याचा दोष नाही. विषाणू, जीवनसत्त्व, चार दिवस आधी, चार दिवस नंतर, हे तिला कळण्यासारखं नव्हतं. पण पडदा बाजूला करून बघणं? ते कळण्यासारखं होतं. कानामागची खरखर ओळखणाऱ्या बाईला डोळा बघता आला नसता असं मी कसं म्हणू? तिनं बघितलं नाही, कारण एकदा त्या दुखण्याला 'बयेची मर्जी' असं नाव दिलं की बघायची गरज संपते. दुखणं लेकराचं होतं आणि त्याचा अर्थ आम्ही मोठ्यांनी लावून टाकला होता. दोन वर्षांच्या पोरीला कोणी विचारलं नव्हतं की बाई, तुला हे सोसणं मान्य आहे का. माझी तक्रार बयेवर नाहीच. दुसऱ्याच्या दुखण्याला आपण परस्पर अर्थ देतो आणि मग त्या अर्थाची राखण करत बसतो, त्यावर आहे. हे फक्त देवभोळेच करतात असं नाही. 'थोडा आजार झाला की पोरं टणक होतात' असं मला एका इंजिनियर बापानं सांगितलंय, गाडीत बसून, लस टाळण्याचं कारण म्हणून. त्याला हे माहीत नव्हतं की गोवर अंगाची जुनी आठवणच पुसून टाकतो. आधी ज्या ज्या आजारांशी लढून शिकलेलं असतं त्यातलं बरंचसं लेकरू विसरतं आणि पुढं कितीतरी महिने त्याच आजारांना नव्यानं बळी पडतं. टणक कसलं?

हे सगळं मी धाकटीपुढं कधीतरी बोललो. तिला आता नातवंडं आहेत. ती म्हणाली, "मला तर पाल्याचा वास आठवतो. गार. आन् मोठ्या मायचा हात." दोन वर्षांच्या लेकराला इतकं आठवतं का, मला शंका आहे, पुढं ऐकून ऐकून ते तिचं झालं असेल. पण तिच्यापाशी मोठ्या मायविरुद्ध एक शब्द नाही. मी म्हटलं, तुझा डोळा गेला त्यात. "गेला," ती म्हणाली, "पण मी एकलीच पडले नव्हते तिथं. ती रात्रंदिस बसलेली व्हती." तिनं माफ केलंय असंही म्हणता येत नाही, कारण माफ करण्यासारखं काही घडलं असं तिला वाटतच नाही. आणि तिनं स्वतःच्या पोरांना एकही सुई चुकवली नाही. या दोन गोष्टी तिच्यात शेजारी शेजारी नांदतात, जशा मोठ्या मायमध्ये बया आणि देवीची सुई. हिशेब मांडायची हौस माझीच.

१९८२ साली औरंगाबादची महापालिका झाली आणि आमचं गाव शहर झालं. आता धाकटीच्या घरामागं पत्र्याच्या सहा खोल्या आहेत, भाड्याच्या. कंपनीत कंत्राटावर जाणारी माणसं, काही ऊसतोडीला जाऊन-येऊन असलेली. दिवाळीच्या सुमाराला जे साखर कारखान्याकडं जातात ते उन्हाळ्यातच परततात. नवव्या महिन्यातली सुई एका गावात झालेली, सोळा ते चोवीस महिन्यांतली दुसरी कुठंच नाही. मग करोनाची दोन वर्षं आली आणि सगळीकडंच सुया राहून गेल्या. २०२२ च्या दिवाळीच्या आसपास मुंबईत गोवंडीकडं गोवर उसळला, भिवंडी-मालेगावातही, लेकरं दगावली. तेव्हा टीव्हीवर शहाण्या माणसांनी त्या आयांना बरंच सुनावलं. धाकटी टीव्ही बंद करून उठली.

मागच्या खोलीत तेव्हा एक पोरगी राहायची, जालन्याकडची, दीड वर्षाचं लेकरू. तिच्या पोराची दुसरी सुई राहिली होती. आशाताई दोनदा येऊन गेल्या होत्या. मी बहिणीला म्हटलं, तू तिला तुझा डोळा दाखव, तुझी गोष्ट सांग, उद्या पळत जाईल. ती हसली. "भ्या दाखवून काय व्हणार, दादा? तिला ठाऊक हाये सगळं. सुईचा दिवस अन् तिच्या पाळीचा दिवस एकच येतो. खाडा झाला की तीनशे रुपये जातात, अन् वर ठेकेदार म्हणतो, उद्यापास्नं येऊ नको."

मग सुईच्या दिवशी सकाळी ती पोरगी कामावर गेली आणि धाकटी ते लेकरू कडेवर घेऊन, त्याचं कार्ड पदरात गुंडाळून, केंद्रावर गेली. रांगेत दोन तास लागले. संध्याकाळी ताप आला तर काय करायचं ते तिनं नर्सबाईंना दोनदा विचारून घेतलं, आणि रात्री तो आला तेव्हा अर्धा चमचा औषध पाजून, फडकं ओलं करून, लेकराची आई पाळी संपवून येईपर्यंत त्याच्याजवळ बसली. खोलीतला दिवा तिनं मालवला नव्हता.